गोल्फचा बॉल: महाग ब्रँड न घेता कोणता घ्यावा आणि कसा पारखावा

गोल्फमध्ये क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, एकदा घेतले की वर्षानुवर्षं चालतात. बॉल मात्र तळ्यात जातो, झुडपात जातो, कंपाउंडपलीकडे जातो, आणि दर फेरीला नवे पैसे मागतो. टायटलिस्ट कंपनीच्या प्रो व्ही१ या महागड्या बॉलचा डझनाचा बॉक्स अमेरिकेतच ५५ डॉलरच्या आसपास आहे. आपल्याकडे तो आयात होऊन येतो, त्यामुळे एकेका बॉलला चारशे रुपये किंवा त्याहून जास्त पडले तर नवल नाही. शिकाऊ माणसाचे एका फेरीत चार-पाच बॉल हरवणं ही नेहमीची गोष्ट. म्हणून खरेदीची सुरुवात दुकानात न करता हिशेबाच्या कागदावर करा.

पहिली पायरी: किती हरवता ते लिहा

पुढच्या तीन-चार फेऱ्यांत स्कोअरकार्डाच्या कडेला हरवलेल्या बॉलांच्या खुणा करा. मग हिशेब सोपा आहे. महिन्याला दोन फेऱ्या आणि दर फेरीत पाच बॉल गेले, तर वर्षाला १२० बॉल, म्हणजे दहा डझन. चारशेच्या बॉलने हे ४८,००० रुपये होतात, सव्वाशेच्या बॉलने १५,०००. भाव तुमच्या दुकानातले घाला, गणित तेच राहील.

यातून खरेदीचा एक ढोबळ नियम निघतो. फेरीत तीन किंवा जास्त बॉल, म्हणजे एक अख्खी स्लीव्ह (तीन बॉलांचं पाकीट) हरवत असाल, तर साधा टू-पीस बॉल घ्या आणि हा लेख पुढे वाचला नाही तरी चालेल. एक-दोनच हरवत असतील आणि ग्रीनजवळचे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळचे) फटके जरा हातात येऊ लागले असतील, तर स्वस्तातला युरेथेन बॉल बघायची वेळ आली. महागडा बॉल या दोन्ही टप्प्यांवर लागत नाही.

दुसरी पायरी: बॉलच्या पोटात काय आहे ते ओळखा

बॉक्सवर जाहिरातीचे शब्द बरेच असतात. त्यातल्या दोनच गोष्टी शोधायच्या: किती थर आणि वरचं कव्हर कशाचं.

टू-पीस म्हणजे आत पॉलिब्युटाडाइन रबराचा मोठा गाभा आणि वर एक कव्हर. थ्री-पीसमध्ये या दोघांच्या मध्ये आणखी एक पातळ, कडक थर असतो. चार आणि पाच थरांचेही बॉल आहेत, पण नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. थरांच्या संख्येपेक्षा कव्हर महत्त्वाचं. ते दोन प्रकारचं असतं. आयनोमर, ज्याला बरेच जण सर्लिन या व्यापारी नावाने ओळखतात, ते चिवट, कडक आणि स्वस्त. युरेथेन मऊ, पकड असलेलं आणि बनवायला जास्त खर्चाचं. बॉक्सवर कव्हरचं नावच दिलेलं नसेल तर ते बहुधा आयनोमर असतं, कारण युरेथेन असलं की कंपनी ते मोठ्या अक्षरांत लिहिते.

फरक पडतो तो वेजच्या, म्हणजे ग्रीनजवळून बॉल उंच उचलायच्या क्लबच्या, फटक्यात. वेजच्या तोंडावरच्या खाचा युरेथेनमध्ये रुततात, बॉल घसरत नाही आणि जोरात उलटा फिरतो. त्या मऊ कव्हरखालचा कडक थर कव्हरला खाचांवर दाबून धरतो, म्हणून फिरकी आणखी वाढते. आयनोमर त्याच खाचांवरून घसरतो. त्यामुळे तो थोडा उंच उडतो, फिरतो कमी, आणि ग्रीनवर पडल्यावर पुढे जास्त घरंगळतो. वीस-तीस यार्डांच्या अर्ध्या फटक्यात हे सगळ्यात ठळक दिसतं. पूर्ण ताकदीच्या आयर्नला (मधल्या अंतराच्या क्लबला) फरक बराच कमी होतो.

ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबने, तर तो जवळजवळ नाहीसाच होतो. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी बॉलला मर्यादा घालून दिल्या आहेत: वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, शिवाय सुरुवातीचा वेग आणि एकूण अंतर यांनाही कमाल हद्द आहे. महागडे बॉल त्या हद्दीला टेकलेले असतात आणि चांगले स्वस्त बॉलही तिच्या जवळच असतात. 'सर्वात लांब जाणारा' असं छापलेला बॉक्स दिसला की ही हद्द आठवा.

नवशिक्यासाठी टू-पीसचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. ड्रायव्हरवर तो साधारणपणे कमी फिरतो, आणि बॉल कमी फिरला की स्लाइसचा, म्हणजे बॉल हवेत बाजूला वळत जाण्याचा, बाकही थोडा कमी होतो. स्लाइस त्याने बरा होत नाही, पण झाडीत जाणारा एखादा बॉल रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) सापडतो, आणि शिकताना तेवढंही पुष्कळ.

तिसरी पायरी: कॉम्प्रेशनच्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं

थोडंच. कॉम्प्रेशन म्हणजे दाबल्यावर बॉल किती चेपतो याचं माप. आकडा लहान तितका बॉल मऊ. कॅलवे सुपरसॉफ्टसारखे बॉल चाळिशीच्या आसपास असतात, व्यावसायिक खेळाडूंचे नव्वद-शंभरच्या घरात. दुकानात हमखास ऐकू येतं की हळू स्विंग असेल तर मऊ बॉल घ्या, तो जास्त लांब जातो. हे खरं नाही. मऊ बॉल क्लबवरून सुटताना सहसा किंचित हळूच सुटतो. स्विंग हळू असेल तर दोघांतला फरक लहान होतो, उलटा होत नाही.

मऊपणा ही हाताला आणि कानाला काय आवडतं याची बाब आहे. पटरवर, म्हणजे ग्रीनवर बॉल ढकलायच्या क्लबवर, कडक बॉल टणकन वाजतो, मऊ बॉल दबका आवाज करतो. जो आवडेल तो घ्या. मात्र बॉक्सवर 'सॉफ्ट' लिहिलंय म्हणून तो ग्रीनवर थांबेल असं समजू नका. तिथे गाभा मऊ आहे एवढंच सांगितलेलं असतं. थांबवण्याचं काम कव्हर करतं, आणि 'सॉफ्ट' नावाच्या बहुतेक स्वस्त बॉलांचं कव्हर आयनोमरच असतं. नवे खेळाडू फसतात ते नेमके इथे.

चौथी पायरी: नावं

आयनोमरमध्ये श्रिक्सनचे सॉफ्ट फील आणि एडी३३३, कॅलवेचे वॉरबर्ड आणि सुपरसॉफ्ट, टेलरमेडचा डिस्टन्स प्लस, विल्सनचा ड्युओ सॉफ्ट, पिनॅकल. यांत निवड करायला फार डोकं लावू नये; जो तुमच्या गावात किंवा ऑनलाइन सातत्याने मिळतो तो घ्या. पुण्या-मुंबईत सोपा पर्याय म्हणजे डेकॅथलॉनचा इनेसिस ब्रँड. त्यातही प्रकार आहेत: डिस्टन्स १०० हा कडक टू-पीस, सॉफ्ट ५०० हा मऊ टू-पीस, आणि टूर ९०० हा युरेथेन कव्हरचा थ्री-पीस. तिन्ही एकाच फडताळावर दिसतात. घाईत चुकीचा डबा उचलू नका.

स्वस्त युरेथेनमध्ये टूर ९०० शिवाय श्रिक्सनचा क्यू-स्टार टूर, टेलरमेडचा टूर रिस्पॉन्स आणि जर्मनीच्या व्हाइस कंपनीचा व्हाइस प्रो ही नावं लक्षात ठेवा. अमेरिकेत कोणी नातेवाईक असतील तर कॉस्टको या दुकानसाखळीचा कर्कलंड सिग्नेचर हा तिथला सर्वांत चर्चेतला स्वस्त युरेथेन बॉल. तो दोन डझनांच्या पॅकमध्ये येतो. २४ बॉलांचं वजन एक किलोच्या वर, तेवढी जागा त्यांच्या बॅगेत आहे का ते आधी विचारा. हा बॉल फिरकी भरपूर घेतो, ड्रायव्हरवरही. ज्याचा स्लाइस मोठा आहे त्याला तो मानवणार नाही.

मोठ्या ब्रँडचाच बॉल कमी पैशांत हवा असेल तर दोन वाटा आहेत. प्रो व्ही१ ची नवी आवृत्ती २०१९, २०२१, २०२३, २०२५ अशी विषम वर्षांत आली आहे. नवी आली की आधीचीचा भाव दुकानदार उतरवतात, आणि दोन्हींतला फरक शिकाऊ हाताला कळणार नाही. दुसरी वाट लोगोवाल्या बॉलांची. कंपन्यांच्या स्पर्धांसाठी छापून घेतलेले आणि उरलेले बॉल आतून तेच असतात, फक्त बाजूला कुठल्यातरी बँकेचं नाव असतं. काही पाकिटांत ब्रँडच्या नावावर फुल्या मारलेले 'एक्स-आउट' बॉल मिळतात. कारखान्याने रंग-छपाईतल्या किंवा दुसऱ्या दोषामुळे ते बाजूला काढलेले असतात. सरावाला उत्तम, स्पर्धेला घेण्याआधी समितीला विचारा.

फार स्वस्तात 'सीलबंद' प्रो व्ही१ मिळतोय असं कोणी सांगितलं तर शंका घ्या. नकली बॉल बाजारात आहेत. अक्षरांच्या कडा फिसकटलेल्या, बॉलवरचा आकडा मध्यभागी नाही, खळग्यांच्या रांगेत जोडाची रेघ उठून दिसते, ही त्यांची लक्षणं.

पाचवी पायरी: टॉवेल टाकून परीक्षा घ्या

एकदम डझन घेऊ नका. दोन मॉडेलांची एकेक स्लीव्ह घ्या आणि सरावाच्या ग्रीनवर जा. ड्रायव्हिंग रेंजवर ही परीक्षा होत नाही, तिथे रेंजचेच बॉल मारावे लागतात. काही क्लबांत पुटिंग ग्रीनवर चिप (बॉल थोडा उचलून मारायचा छोटा फटका) मारायला मनाई असते, तेव्हा स्टार्टरला (खेळाडूंना सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारून चिपिंगची जागा घ्या.

आधी पटर. दोन्ही बॉल दहा फुटांवरून पाच-पाच वेळा मारा. कानाला जो खटकतो तो बाद.

मग वेज. ग्रीनच्या कडेपासून पंधरा पावलं मागे उभे राहा, ग्रीनच्या आत पाच पावलांवर एक छोटा टॉवेल पसरा. बॉल टॉवेलवर किंवा त्याच्या आसपास पडला पाहिजे. दोन्ही मॉडेलांचे बॉल आलटून पालटून, प्रत्येकाचे दहा फटके मारा. सलग दहा एकाचे आणि मग दहा दुसऱ्याचे मारलेत तर दुसऱ्याच्या वेळेपर्यंत हात बसलेला असतो आणि निकाल खोटा येतो. प्रत्येक फटक्याआधी वेजच्या खाचा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा. खाचेत माती किंवा ओल राहिली तर युरेथेनसुद्धा घसरतो आणि दोन्ही बॉल सारखेच वाटतात.

टॉवेलच्या जवळ पडलेले फटकेच मोजायचे. पडल्यावर बॉल किती पावलं घरंगळला ते लिहा. सर्वांत लांब आणि सर्वांत जवळ थांबलेला असे दोन-दोन आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. एकाचा आठ पावलं आणि दुसऱ्याचा पाच असा फरक येत असेल तर युरेथेनचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतील. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतील तर तुमचा फटका अजून त्या कव्हरचा फायदा घेण्याइतका स्वच्छ लागत नाही. स्वस्त बॉल घ्या आणि सहा महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा द्या.

ड्रायव्हरने बॉल पारखायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या दोन स्विंगांमधला फरक दोन बॉलांमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सहावी पायरी: वापरलेले बॉल घ्यायचे असतील तर

कोर्सवर बॅग उचलणारे कॅडी किंवा आसपासची मुलं सापडलेले बॉल विकतात, ऑनलाइनही डझनांनी मिळतात. शिकाऊ खेळाडूला हा सगळ्यात स्वस्त मार्ग. क्लबच्या आवारात विकत घेण्याआधी तिथला नियम कॅडी मास्टरला विचारून घ्या, काही क्लबांना ही विक्री चालत नाही. ऑनलाइन विक्रेते इंग्रजी 'ए' च्या संख्येने दर्जा सांगतात, पण त्यावर कोणाचं नियंत्रण नाही. एकाचे चार 'ए' म्हणजे दुसऱ्याचे तीन असू शकतात.

'रिसायकल्ड' आणि 'रिफर्बिश्ड' यांतला फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. रिसायकल्ड म्हणजे धुऊन पुसून विकलेला. रिफर्बिश्ड म्हणजे जुना रंग काढून, पुन्हा रंगवून, पुन्हा नाव छापलेला. खळग्यांची खोली असते जेमतेम पाव मिलिमीटर, आणि बॉलचं हवेतलं वागणं त्या खोलीवर चालतं. त्यात रंगाचा जाड थर बसला की बॉल कधी बसकन खाली येतो, कधी भलताच वर जातो. नखाने खळग्याची कड तपासा: मूळ बॉलची कड स्पष्ट लागते, रंगवलेल्याची गुळगुळीत. चकाकी जरा जास्तच असेल तरी संशय घ्या. रिफर्बिश्ड घेऊच नका, मग कितीही स्वस्त मिळो.

तळ्यातून काढलेल्या बॉलने पाण्याखाली किती दिवस काढले हे बाहेरून दिसत नाही. पांढऱ्याचा पिवळट किंवा करडा झालेला, डाग न निघणारा बॉल सरावालाच ठेवा. कार्ट-पाथवर आपटून ओरखडे पडलेला बॉल पटरला चालतो, ड्रायव्हरला नाही.

जुन्या बॉलचा तोल बघायचा असेल तर घरच्या मिठावर होतो. एका रुंद तोंडाच्या ग्लासात पाव लिटर कोमट पाणी घ्या, त्यात सुमारे ७० ग्रॅम मीठ, म्हणजे मोठे चार चमचे, पूर्ण विरघळवा. बॉल पाण्यापेक्षा जड असतो, साध्या पाण्यात तो तळाला बसतो. मीठ पुरेसं झालं की तो वर येतो आणि एक लहानसा भाग पाण्याबाहेर राहतो. नाही आला तर आणखी एक चमचा घाला. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की बॉल मोकळा फिरतो, कडेला चिकटून बसत नाही.

आता बॉल बोटाने गरकन फिरवा आणि थांबू द्या. वर आलेल्या ठिकाणी मार्करने ठिपका द्या. ठिपका पाण्याखाली ढकलून पुन्हा फिरवा, असं पाच-सहा वेळा करा. दर वेळी वेगळी जागा वर येत असेल तर तोल ठीक आहे. ठिपका झटकन आणि दर वेळी वरच येऊन थांबत असेल तर खालची बाजू जड आहे, गाभा मध्यावर नाही किंवा कव्हर एका बाजूला जाड आहे. असा बॉल लांबच्या हळू पुटमध्ये सरळ रेषा सोडू शकतो. फेकून द्यायची गरज नाही, सरावाच्या पिशवीत टाका. नव्या बॉलांच्या बॉक्सभर हा खटाटोप करणं म्हणजे उगाच वेळ घालवणं आहे. संशय आला तरच करा.

सातवी पायरी: एकच मॉडेल धरा

पिशवीत पाच प्रकारचे बॉल हा शिकणाऱ्याचा खरा तोटा. एक बॉल चिपला आठ पावलं घरंगळतो, दुसरा पाच, मग हाताला अंदाज बसणार कसा? स्वस्त असो वा वापरलेला, पण एकच मॉडेल ठरवा. सापडलेले इतर बॉल पाण्यावरून मारायच्या होलसाठी बाजूला ठेवा, अशी पद्धत पुष्कळ जण पाळतात. मित्रांच्या खेळात ठीक आहे. नियमाप्रमाणे मात्र एका होलवर ज्या बॉलने सुरुवात केली त्यानेच तो होल संपवायचा असतो. ग्रीनवर पोचल्यावर चांगला बॉल काढता येत नाही. बॉल हरवला, नियमाप्रमाणे सूट घेऊन दुसरीकडे ठेवावा लागला, किंवा तो चिरला वा त्याला तडा गेला तरच होलच्या मध्ये बदलता येतो, नुसता ओरखडा चालत नाही.

स्पर्धेत किंवा हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्यासाठी) स्कोअर देणार असाल तर बॉल नियमात बसणाऱ्यांच्या यादीत आहे का ते पाहा. आर अँड ए आणि यूएसजीएची ही यादी त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट बघता येते आणि दर महिन्याला बदलते. बॉलवरचं नाव आणि बाजूची छपाई दोन्ही यादीशी जुळली पाहिजेत, कारण एकाच नावाचे जुने आणि नवे बॉल वेगवेगळे नोंदवलेले असतात. अनोळखी ब्रँडच्या बॉलबाबत ही तपासणी विसरू नका.

पावसाळ्याचं वेगळं

जून ते सप्टेंबर चांगले बॉल घरी ठेवा. खारघरसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर पावसाळ्यात रफ इतका वाढतो की पाच पावलांवरचा पांढरा बॉल दिसत नाही, आणि शोधायला नियमाने मिळतात फक्त तीन मिनिटं. या महिन्यांत स्वस्त टू-पीस, तोही पिवळा किंवा नारिंगी घ्या. युरेथेनची पकड ओल्या खाचांवर नाहीतरी कमी होते आणि मऊ ग्रीनवर आयनोमरही लवकर थांबतो, म्हणजे जास्तीचे पैसे घालण्याचं कारणच उरत नाही. बॉल आपल्याच पडण्याने जमिनीत रुतला तर बंकर (वाळूचे खड्डे) आणि पाण्याच्या जागा सोडून इतरत्र दंडाशिवाय उचलून शेजारी पुन्हा सोडता येतो. तो रुतलेला बॉल तुमचाच आहे हे सांगता यावं म्हणून प्रत्येकावर मार्करने स्वतःची खूण करा: दोन ठिपके, एक रेघ, काहीही. सगळ्यांकडे तोच लोकप्रिय स्वस्त बॉल आणि त्यावर तोच १ आकडा असतो.

साठवणुकीला घरातलं कपाट पुरतं. तिथे न वापरलेले बॉल पाच वर्षंही ठीक राहतात. मे महिन्यात गाडीच्या डिकीत मात्र ते ठेवू नका. बॅग डिकीत राहणारच असेल तर त्या दिवशी लागतील तेवढ्या दोन स्लीव्ह त्यात टाका, बाकीचा बॉक्स घरी.